काकूला शिवी आठवली

नांदूरघाट, ता. केज

चि. स्वप्नाली,

शंकरप्पा काकाचा शरणार्थ आणि पोटभर आशीर्वाद. मुंबईत वेळेवर जेवतेस ना? चहाबरोबर नुसती बिस्किटं खाऊन संवाद लिहीत बसतेस असं तुझ्या बापाकडून कळलं. त्यानं पित्त होतं आणि मग तुझी पात्रं एकमेकांवर ओरडतात.

तुझ्या मालिकेतल्या शिव्यांविरुद्ध मी गेल्या वर्षी वाहिनीला अकरा पानी पत्र धाडलं होतं, ते तुला ठाऊकच आहे. गावातही ग्रामसभेत दीड तास बोलून शिवीबंदीचा ठराव मंजूर करून घेतला (टाळ्या थांबेनात, तेव्हा तुझी महानंदा काकू बायकांतून उठून म्हणाली, "मुडद्यांनो, घरी जा आता, भाकरी वाळल्या"). माणसाची जात त्याच्या जिभेवरून कळते, हे मी आजही मानतो. फक्त मी ती जीभ उलटी वाचत होतो.

काकूला झटका येऊन सात महिने झाले. हातपाय बरेच सुधारले, बोलणं मात्र गेलं. बीडच्या डॉक्टरांनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "आजी, हे कोण? नाव सांगा." ती गप्प. त्यांनी कागदावर लिहिलं, पतीला ओळखत नाही. आता एकेचाळीस वर्षं जिनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नाही, ती परक्या माणसापुढं कशी घेईल? हे मी त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं (बाहेर रांग होती). पण तुला म्हणून सांगतो, परत येताना एसटीत मीच तिच्याकडं चोरून बघत होतो. खरंच ओळखत नसली तर?

परवाच्या भागात तुझा विक्रांत घराचे कागद पुढं करून म्हणाला, "आईसाहेब, आपण थकलात. इथं सही करा आणि आराम करा." काय मधाळ बोलतो गं तो. आणि त्याला लहानपणापासून "तुझं मढं बशिवलं" म्हणत ताटात दुसरी भाकरी वाढणारी स्वयंपाकीण तेवढी दाराआड रडत होती. मी डोळे पुसत होतो, तोच मागून आवाज आला, "मुडद्या, आई हाय ती तुजी."

सात महिन्यांनी. अख्खं वाक्य.

त्या घरात माया कुणाला आहे, हे तू शिवीवरूनच सांगत होतीस, पोरी. सही हवी असलेला माणूस 'आपण' म्हणतो. एवढी पुस्तकं वाचून मला हे काकूकडून कळावं. वाहिनीचं पत्र मी मागं घेतो आहे. ठरावाचं ग्रामसभेत बघतो.

तुझा,
शंकरप्पा काका

ता. क. विक्रांतला आता पश्चात्ताप होणार असं जाहिरातीत दाखवतायत. हात जोडून विनंती, दिवाळीपर्यंत त्याला सुधारू नकोस. काकूचा त्याच्यावर रोज एकेक शब्द वाढतो आहे.

आणखी एक ता. क. पाकिटात घालण्याआधी पत्र तिला वाचून दाखवलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, लई लांबलं." स्वप्नाली, 'अवो' ती जगात फक्त मला म्हणते.