हिरड्यांवरचा रंग

दादा,

मिठाची बरणी मी वहिनीच्या हातातून हिसकावली. "अगं, नुसतं मीठ खातेस?"

"एकच चिमूट, वन्सं," म्हणत ती उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खालीच बसली.

तिचे हात काळवंडलेत, हे तुला कुणी कळवलं नाही. कापड रंगवणाऱ्या घरात काळ्या हातांचं काय कौतुक! "ही खरी रंगारीण," असं बाबा चिडवायचे. पण वांत्या आणि अशक्तपणामुळे ती कित्येक आठवडे रंगाच्या पिंपाजवळ गेलेलीच नाही. मी तिला आ करायला लावलं. हिरड्यांवरही काळे डाग पडले होते. तिथे कुठला रंग पोचणार?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवून, मग उभं करून रक्तदाब मोजला. तो झर्रकन खाली आला. "मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी काम करत नाहीयेत. म्हणूनच हे काळे डाग आणि मिठाची ओढ. उशीर केला तर जिवावर बेतेल," म्हणत त्यांनी इंजेक्शन भरलं.

बाबा दाराबाहेर आपलेच हात बघत उभे आहेत. इंजेक्शन लागू पडेल का, ठाऊक नाही. तुला फोन लावायला घेतला आणि दोनदा खाली ठेवला, म्हणून लिहितेय.

तुझी,
धाकटी

ता. क. सकाळी वहिनी आधाराशिवाय उभी राहिली. तुला फोन तिनेच लावला, म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाही.