मेंढ्यांच्या यादीमागे

पाउनी महिना, ३

आज बाजारात पहिली कलिंगडं आली आणि मला कालव्याचा काठ आठवला. मी आठ वर्षांची, पेतेखोन नऊ. चोरलेलं कलिंगड मी दगडावर आपटून फोडलं, मधला लाल गर एकटीने खाल्ला आणि त्याला सालं दिली. रडत रडत सालं चावत होता बिचारा! पन्नास वर्षं झाली. आता तो गावचा कारभारी आहे, पोट सुटलंय, आणि सम्राटाचा हुकूम घेऊन फिरतोय – ख्रिस्ती लोकांची पुस्तकं गोळा करून जाळायची.

आमच्याकडे पुस्तक एकच. शुभवर्तमान. ते गेलं तर प्रभूच्या दिवशी प्रार्थनेला वाचायचं काय?

पाउनी, ५

हसून हसून पोट दुखलं! मोठी माणसं गुंडाळ्या वाचतात, शिवलेल्या वह्या वाचतात ते ख्रिस्ती – हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून शिपायांनी शिवलेलं दिसेल ते उचललं. परटाची कपड्यांची वही. शेजारणीची लोणच्याची वही. हेरास वैद्याची औषधांची वही. वैद्य तर रोज देवळात धूप जाळणारा! भर चौकात ओरडत होता, "अरे, मूळव्याधीचे लेप आहेत त्यात! मूळव्याध काय ख्रिस्ती असते?"

आणि आमचं शुभवर्तमान? गुंडाळीवर! मोठी अम्मा आठवली. प्रभूला वाहिलेल्या कुमारिकांच्या या घरात मला आणि सोइरिसला तिनेच वाढवलं. अक्षरं शिकवली, चुकलं की बोटांवर लाकडी डाव हाणला. नवी गुंडाळी परवडेना, तेव्हा तिने कुण्या जमीनदाराची टाकाऊ मेंढ्यांची यादी मागून आणली आणि कोऱ्या पाठीवर सगळं शुभवर्तमान उतरवलं. अलेक्झांड्रियाचे पाहुणे नाकं मुरडायचे – "मेंढ्यांच्या मागे प्रभू?" अम्मा म्हणायची, "मग मेंढपाळ कुठे चालतो, बाबा?"

पाउनी, ६

पेतेखोन आला. सगळं घर पाहिलं. ही वही माझ्या पदराखाली होती. मग मसुराच्या कोनाड्यातली गुंडाळी उचलली, बाहेरून दिसलं तेवढं वाचलं. "काळ्या चाळीस, लंगड्या तीन... हे कशाला जपलंस गं?"

"अम्माची आठवण."

खोटं नाही बोलले.

"तू आणि तुझ्या आठवणी, थाई!" म्हणाला, ठेवून दिली. आणि वर मुळा मागून खाल्ला. सोइरिस रांजणामागे बसून प्रार्थना करत होती. मोठ्याने!

पाउनी, ७

मसूर निवडताना सोइरिसला हरवलेल्या मेंढीची गोष्ट पाठ म्हणून दाखवली. मेंढपाळ शोधायला निघाला, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. पुढची गोष्ट राहिलीच.

पाउनी, ९

पेतेखोन पुन्हा आलाय. अंगणात बसून जवाची दारू पितोय, बरोबर शिपाई. म्हणाला, "थाई, वरचा साहेब आलाय. कुमारिकांच्या घरात एकही वही नाही, असं कसं, म्हणतो. उद्या स्वतः झडती घेणार, गुंडाळ्यांसकट. एक वही दे. मी न वाचता जाळतो, देवाशपथ. नाहीतर तुझं घर जाईल आणि माझी मान."

घरात शिवलेली वही एकच. ही.

सोइरिस कानाशी लागलीय – "ताई, यात सगळं लिहिलंयस! गुंडाळी कुठे आहे तेही!" ठाऊक आहे गं बाई. पानं फाडावीत तर शिपाई बघतोय. माझी बावीस वर्षं आहेत हिच्यात. अम्माचं शेवटचं आजारपणही. आणि त्याने वाचलं तर पुस्तकही गेलं, आम्हीही गेलो.

पण त्या कलिंगडाच्या दिवशी शेतमालकाने फक्त पेतेखोनला पकडलं होतं. फटके खाल्ले, पण माझं नाव सांगितलं नाही.

देते.

पाउनी, १७

वही परत आली! कलिंगडाच्या टोपलीत, पाल्याखाली. आठ दिवस घास उतरला नव्हता. साहेब झडतीला आलाच नाही; चौकात हिच्या जागी वैद्याचे लेप जळाले म्हणे. आणि शेवटच्या ओळीखाली पेतेखोनचं गिचमिड अक्षर –

"वाचली. सगळी. शपथ मोडली, रागावू नकोस. कलिंगड मी फोडलं होतं, तू नाही. मेंढी सापडली का? प्रभूच्या दिवशी कुठल्या दाराने यायचं?"

प्रभूचा दिवस उद्याच! मागच्या दाराने ये म्हणून निरोप धाडलाय. सोइरिस, मी वाचायला बसेन, तेव्हा कलिंगड तू वाट. अर्धं हेरास वैद्याला. त्याचे लेप आमच्यापायी गेले. एक फोड परटाला. बिया अम्माच्या थडग्यापाशी पेरायच्या. सालं आपल्या दोघींना. आणि मधल्या लाल गराला कुणी हात लावायचा नाही. तो पेतेखोनचा.