मूळ न पाहता

३ तारीख, सोमवार

वाटण्या झाल्या. तिला माणसं, मला पानं.

काम एकाच क्लासचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं — आमच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतला, मजकूर बाहेर काढणारा. त्याला कसलाही मजकूर द्या, तो ओळी नीट तोडतो, समास सांभाळतो आणि कागदावर नाहीतर पडद्यावर नेऊन सोडतो. अकरा वर्षांचा आहे. पण तो वापरायचा कसा, हे आजवर कुणी धड लिहिलेलंच नाही. ते मी लिहायचं. शिवाय त्याचं लायसन्स फार कडक — जो वापरेल त्याने स्वतःचाही सगळा कोड जगाला दाखवायचा. म्हणून शाळा, दवाखाने त्याला हात लावायला घाबरतात. ते बदलून मोकळं करायचं आहे : घ्या, वापरा, लिहिणाऱ्यांची नावं तेवढी राहू द्या. मला हे फार आवडलं. पण त्यासाठी ज्याने ज्याने त्यात एक ओळ जरी लिहिली असेल, त्याचा लेखी होकार हवा. ते लाडोबा करणार.

लाडोबा हे नाव फक्त या वहीत. घरी आई-बाप दोघं प्राध्यापक, पाळण्यात असल्यापासून कम्प्युटर. बोलते गोड. मी सहा महिन्यांच्या करारावर, तीही. सरांनी स्पष्टच सांगितलंय, महिनाअखेर कायमची जागा एकच आहे.

लायसन्सच्या पाटीवर तिचं नाव येणार. पानांवर नाव नसतं.

५ तारीख, बुधवार

तिने एकोणीस जणांना पत्रं पाठवली. अकरा उत्तरं आलीसुद्धा. एकाने मुलीच्या लग्नाचे फोटो पाठवले म्हणे! दिवसभर तिचं हसणं ऐकत मी पान चार लिहिलं.

बाबांनी विचारलं, नेमकं करतेस काय. ते लिफ्ट दुरुस्त करतात, म्हणून त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हणाले, "म्हणजे यंत्राच्या खोक्यात येतं ते पुस्तक? ते कोण वाचतंय, बाळ. लिफ्ट मध्येच अडकली की मग शोधतात." आणि स्वतःच हसले. मग आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, आमची मुलगी पुस्तक लिहितेय.

७ तारीख, शुक्रवार

एक गोष्ट सापडली! दोन दिवस त्यामागे होते. ओळ ठरलेल्या रुंदीइतकी काठोकाठ भरली, तर हा क्लास तिच्यानंतर रिकामी ओळ सोडत नाही. एरवी सोडेल, अशा वेळी नाही. कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी एका वाक्यात लिहिलं. तीन वेळा वाचून पाहिलं — कुणाचीही दिशाभूल होणार नाही असं वाक्य आहे. असं वाक्य लिहिता येणं हीच माझी कमाई, मग नाव असो नसो.

१० तारीख, सोमवार

अठरा जण हो म्हणाले. एकोणिसावा नाही म्हणाला. ओळी तोडायचा सगळा भाग त्याचा — दोनशे बारा ओळी. माझं आहे, मला ते सगळ्यांना वाटून टाकायचं नाही, एवढंच उत्तर.

तेव्हा त्या ओळी फेकायच्या आणि नव्याने लिहायच्या. पण लिहिणाऱ्याने जुन्या कधी पाहिलेल्या नसाव्यात, नाहीतर ती नक्कलच. मी तर त्या पाठ केल्यात! म्हणजे मी बाद. सरांनी विचारलं, कुणी पाहिलेल्या नाहीत? लाडोबाने हात वर केला. म्हणाली, मी फाइल उघडलीच नाही सर, नुसती पत्रं लिहीत होते. सगळे हसले.

जिने वाचलं तिला शिक्षा, जिने वाचलं नाही तिला बक्षीस.

ती आता फक्त माझ्या पानांवरून लिहिणार. जुनी हिस्टरी, म्हणजे कोडमध्ये आणि पानांत आजवर झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद, उघडायची नाही, असं सरांनी तिला बजावलं. कुलूप वगैरे काही नाही, शब्दावर. कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्याही त्या एकोणिसाव्याच्याच, म्हणून त्या सर चालवणार. तिला नुसतं पास की नापास एवढंच कळणार.

११ तारीख, मंगळवार

मी ते वाक्य काढलं.

काठोकाठ भरलेल्या ओळीचं. चार वाजता, सगळे चहाला गेले असताना. बदलाचं कारण लिहावं लागतं, तिथे लिहिलं : किरकोळ दुरुस्ती.

हिस्टरीत ते दिसणार. पण तिला हिस्टरी बघायला बंदी. आणि बाकी कुणी पानं वाचतच नाही.

१३ तारीख, गुरुवार

डबा खाताना तिने सगळ्यांसमोर माझी पानं वाखाणली. म्हणाली, कुणीतरी हात धरून जिना चढवतंय असं वाटतं. मी भाजी नुसती चिवडत बसले. हिला साधं जळताही येत नाही का कुणावर?

१७ तारीख, सोमवार

तीनशे एक्केचाळीस चाचण्या. एक नापास.

कुठली ते मला बघायचीही गरज नव्हती. सर कपाळ चोळत होते. ती म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत शोधते. संध्याकाळी पुन्हा एक नापास.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१८ तारीख, मंगळवार

पुन्हा तेच. सर तिला म्हणाले, शुक्रवारपर्यंत झालं नाही तर लायसन्सचा बेतच गुंडाळू. मग माझ्याकडे बघून म्हणाले, पानं मात्र चांगली झालीयेत हं.

ती माझ्या खुर्चीपाशी आली. डोळे लाल. "ए, तुझ्या पानांत हे कुठेतरी असणारच गं. माझ्याच नजरेतून निसटतंय. सांगशील का कुठे बघू?"

मी म्हणाले, पुन्हा एकदा नीट वाच.

ती गेली आणि खरंच पहिल्यापासून वाचायला बसली. तेवीस पानं.

घरी वहिनीने टोकलं, "काय वन्सं, लग्न ठरल्यासारखं तोंड का केलंय?" आई हसली. मी ताटावरून उठले.

१९ तारीख, बुधवार

आज ती माझ्याशी बोलली नाही. एकदाही.

२० तारीख, गुरुवार

सगळ्या पास. तीनशे एक्केचाळीसच्या तीनशे एक्केचाळीस.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग जागेवर येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे माझी पानं उघडली. वाक्य नाही. मी परत घातलेलं नाही — दोनदा घालायला गेले होते, घातलं नाही. मग तिला कळलं कुठून?

तिचा नवा कोड उघडला. काठोकाठ भरलेली ओळ ओळखण्यासाठी ती आधी रुंदीतून एक वजा करते आणि खाली तोच एक परत मिळवते. त्याची काही गरज नाही. शहाणा माणूस असं करणार नाही. पण तो एकोणिसावा अगदी असंच करायचा.

तिने बंदी मोडली. हिस्टरी उघडली, जुन्या ओळी पाहिल्या. आणि हे आख्ख्या ऑफिसात फक्त मलाच कळू शकतं, कारण ते वाक्य पानांत नाही हे फक्त मलाच ठाऊक आहे.

म्हणजे माझं काढलेलं वाक्यही तिने पाहिलं असणार. किरकोळ दुरुस्ती. खाली माझं नाव, तारीख, वेळ.

२१ तारीख, शुक्रवार

सरांनी मला निवेदन लिहायला सांगितलं. पाटीखाली जाणार, कायमचं : ‘हा भाग मूळ न पाहता, केवळ माहितीपानांवरून नव्याने लिहिला आहे.’ तुझी भाषा स्वच्छ आहे, तूच लिही, म्हणाले. सोमवारी जाहीर करायचं, जागेचंही तेव्हाच. ते बोलताना तिच्याकडे बघत होते.

निवेदन लिहिलेलं नाही. पाच शाळांनी आताच विचारणा केली आहे म्हणे. त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा — या एका वाक्यावर!

ती समोरच बसली होती. माझ्याकडे बघतही नव्हती, बघणं टाळतही नव्हती. तिने सरांना माझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही, एवढं नक्की. का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तीही सापडली असती, म्हणूनच. दुसरं काय असणार.

२३ तारीख, रविवार

उद्या सरांना सांगायचं की तिने जुन्या ओळी पाहिल्या. नक्कल ती नक्कल.

दिवसभर ते वाक्य मनात जुळवतेय. कपडे वाळत घालताना, आईला किराण्याची यादी वाचून दाखवताना. स्वतःला त्यातून वगळून बघितलं. चार प्रकारे लिहिलं. प्रत्येक वेळी सर विचारणार, तुला कसं कळलं? आणि तिथे मी येते.

भाऊ म्हणाला, उद्या मिठाई आणू का? थांब म्हटलं.

खरी गोष्ट अशी की मला जागा हवी आहे. आणि त्याहून जास्त, तिला मिळायला नको आहे. हे आज पहिल्यांदा असं सरळ लिहिलं.

२४ तारीख, सोमवार

दहाच्या आधी पोचले. सरांच्या खोलीत ती आधीच बसलेली. तिथेही पहिली तीच.

सर म्हणाले, बरं झालं आलीस. हिने बुधवारी हिस्टरी उघडली होती, आता स्वतःहून सांगायला आलीये. हा भाग आता तिसऱ्याच कुणाकडून लिहून घ्यावा लागणार. जागा अर्थात तुझी.

मी विचारलं, का उघडली म्हणते?

सर म्हणाले, अडली म्हणून, एवढंच सांगतेय.

ती खाली बघत होती. माझं नाव तिने घेतलेलं नव्हतं.

मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

"सर, ती अडली का, ते तिने तुम्हाला सांगितलेलं नाही. ते मी सांगते."