सुजाताचा बाप्तिस्मा

३ नोव्हें., सोम. गोरेगाव
सुजाता आली होती. सरळ मुद्द्यावर. "पास्टरजी, मले समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यायचा आहे. तान्ही होती तवा झाला म्हणे आई. मले कोणी इचारलं होतं का?" सांगितलं, बाप्तिस्मा एकदाच; देवाचं वचन आपल्या समजण्याआधी येतं. ऐकेना. "मंग मी रविवारी चोरखमाऱ्याले जाऊन राहिली." तिथं एक नवी संगती, वेगळ्या पंथाचा गट, तलावात बुडवून बाप्तिस्मा देते. ही गेली की ती शिकवते ते तीन गावांतले रविवारशाळेचे वर्ग गेले. पोरं तिच्यासाठी येतात, माझ्यासाठी नाही. हे मला झोंबतं, पण खरं आहे.

५ नोव्हें., बुध.
मंडळीच्या वडिलांची, म्हणजे कारभारी पंचांची, सभा. त्यांतल्या टेंभुर्णे भाऊंनी बाप्तिस्म्याचं रजिस्टर दोनदा चाळलं. सुजाताची नोंदच नाही. तिची आई वारली, बाप कधी मंडळीत आला नाही; विचारणार कुणाला. टेंभुर्णे खूश. "नुसता आशीर्वाद झाला असंल, माय त्यालेच बाप्तिस्मा समजली. आता कायले डोकं फोडता? रविवारी इथंच द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. शिकवणीला धक्का नाही आणि पोरगी पण राहते.

६ नोव्हें., गुरु.
सुजाताचा बाप्तिस्मा झाला होता. मीच दिला. त्यांच्या घरी. ताप उतरत नव्हता, पोर वाचेल असं कोणाला वाटत नव्हतं. आई पायावर पडली. मंडळीसमोर द्यावा, मंडळीचे पंच-वडील हजर असावेत, नियम तेव्हाही पाठ होता. तरी लोट्यातलं पाणी घेतलं. नोंद केली असती तर प्रेसबिटरीपुढे, म्हणजे वरच्या धर्मसभेपुढे, उभं राहावं लागलं असतं. म्हणून नाही केली. पोरगी बरी झाली, आणि आपण विसरलो असं मी स्वतःला पटवून टाकलं.
आता गप्प बसलो तर सगळ्यांचंच भलं. माझी चूकही झाकली जाते. फक्त, ज्याला पाप म्हणून शिकवतो ते जाणूनबुजून करायचं. कालची मान डोलावलेली आठवते आणि लाज वाटते.

७ नोव्हें., शुक्र.
बायकोला, विमलला, सांगितलं. तांदूळ निवडत होती, हात थांबला. "इतके वर्ष माह्याजवळ काऊन नाही बोलले?" मग म्हणाली, "पहिले पोरीले सांगा. सभेले मंग."

८ नोव्हें., शनि.
एस.टी. स्टँडवर सुजाताला गाठलं. सगळं सांगितलं. चिडेल वाटलं, चिडली नाही. त्यानं जास्त लागलं.
"भेले म्हणून नाही लिहिलं?"
हो.
"अन उद्या मले दुसऱ्यांदा देणार होते?"
बुधवारी तरी तसंच ठरवलं होतं, म्हटलं.
मग तिनं विचारलं, "आई काय म्हणे तवा?"
"म्हणे, जगो का मरो, लेकरू देवाचं आहे."
ओढणीनं डोळे पुसले. उद्या कुठं जाशील, इथं का चोरखमाऱ्याला, विचारलं. "सांगत नाही" म्हणाली आणि बसमध्ये चढली.

९ नोव्हें., रवि.
उपासनेआधी टेंभुर्णेंना सांगितलं. "सांगाची गरज काय होती, पास्टरजी? कोण इचारत होतं तुमाले?" मग खालच्या आवाजात, "प्रेसबिटरीले कळवा लागंल." मीच कळवतो म्हटलं. पाळकपद राहतं की जातं, ते तेच ठरवतील.
साडेनऊ व्हायला आले. चोरखमाऱ्याची गाडी याच वेळची. पोरं आली आहेत, तिन्ही गावांची, पुढच्या सतरंजीवर बसलीत. दोनदा दाराशी येऊन विचारून गेली, सुजातादीदी येणार ना?
माहीत नाही. तेवढंच सांगतो जाऊन.