एक हात पाठीमागं

५ सप्टें.
जेवताना प्रकाश म्हणाला, आई, मागची खोली दिवाळीआधी रिकामी करायची, पीजी ठेवायचाय. यांचे रेडिओ कबाडीवाल्याला. यांना जाऊन वर्ष नाही झालं.
म्हणलं, पीजी कशाला, मी आहेच की, फुकट राहणारी. सून हसली नि भात आणायला पळाली. प्रकाश नाही हसला. शेवटी तोडगा निघाला: एक तरी पोर रेडिओ दुरुस्ती शिकायला टिकलं, तर खोली राहील.
‘एक. पक्का,’ म्हणाला. माहितीय त्याला, कोण येतंय.

२० सप्टें.
इथल्या, परप्रांतातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत टेबल मांडलं. मोठा वॉल्व्हचा सेट, पाठ उघडी. पुठ्ठ्यावर लिहिलं: जुने रेडिओ शिका, फुकट, वर चहा. फौजी अफसरांच्या बायका म्हणाल्या, किती क्यूट. पोरांचे सेल्फी.
मी आपली शिकवतेय. लगेच बोलत नाही हा, आतले काचेचे वॉल्व्ह तापू द्यायचे. चालू सेटात एकच हात घालायचा, दुसरा पाठीमागं, नाहीतर करंट छातीतून जातो. हे तो दुसरा हात खिशात घालायचे, मला लुगड्याला कुठला खिसा.
एक पोरगं, ‘आंटी, इसमें ब्लूटूथ है?’
‘नाही बाळा. शॉक आहे, देऊ?’
नात ईरा लांब उभी. ही बाई कोण, असा चेहरा.
नॉलेज सिटीतल्या लॅबमधला संशोधक लेले तेवढा शिकतो म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, मूर्ख बाई. मोठा सेटच दिला सरावाला.

२७ सप्टें.
रविवार, पहिला वर्ग. पातेलंभर चहा केला. कोणी नाही. लेलेला काम निघालं म्हणे. चहा मी नि कामवालीनं संपवला. 

१५ ऑक्टो.
लेलेंकडं भोंडला. हॉलमध्ये आपला सेट, आत निळे लाल दिवे, मोबाइलवरची गाणी वाजतायत.
‘काकू, आता मस्त चालतो बघा.’
आतलं कुठंय विचारलं. टाकलं म्हणाला, जुनंच होतं.
‘माझंही असंच कर बाबा. आतलं सगळं काढ, लुगडं तेवढं ठेव.’
सगळे हसले. मीपण. खिरापत ओळखायला थांबले नाही.

३१ ऑक्टो.
प्रकाशनं कबाडीवाल्याला उद्या बोलावलंय. भांडले नाही. काय तोंडानं भांडू, सगळ्यात चांगला सेट मीच कसायाला दिला.

१ नोव्हें.
सकाळी ईरा मागच्या खोलीत आली. मोबाइल उभा करून ठेवला, रील करायचीय म्हणे, विंटेज चालतं सध्या. म्हणलं, मलापण विंटेजमध्ये धर. ‘आजी प्लीज.’
यांचा छोटा सेट लावला. गप्प. मी उठणार, तोवर तीच वाकली नि आतला वॉल्व्ह हलवून बघायला लागली. उजव्या हातानं. डावा पाठीमागं, घट्ट मूठ. मी आज सांगितलं नव्हतं.
जरा खरखर आली.
बाहेर बेल. कबाडीवाला. प्रकाशची हाक, ‘आई, दार उघड.’
मी उठायला लागले.
‘रुको ना आजी,’ ती मागं न बघता म्हणाली. ‘गरम तो होने दो.’
बसले. रीलसाठी म्हणाली का खरंच, विचारलं नाही. बेल परत वाजली.