घटपर्णीला घातलेलं खत

मंगळ. ३ मार्च
राव सर आजपासून दोन आठवडे रजेवर. लेकीचं बाळंतपण, विजयवाड्याला. खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलावरच्या तीन कुंड्या माझ्या ताब्यात. दोन दातेरी पानांच्या, माशा पकडणाऱ्या, एक घटपर्णी. मिसेस गेल्या त्या वर्षी आणल्या त्यांनी, तेव्हापासून जपतायत. सूचना एकच : "नल का पानी बिल्कुल नै." यादम्मा, आमच्या मजल्याची सफाईवाली, एसीचं पाणी बाटलीत धरते. तेवढंच घालायचं.

शुक्र. ६
पानानं माशी पकडली. पाय बराच वेळ बाहेर हलत होते. अख्खा सेक्शन माझ्याभोवती. मी अशी माहिती देत होते जशी काही झाडं माझीच.

सोम. ९
झाडं जरा मलूल वाटली. घरून गुलाबाचं खत नेलं, तिन्ही कुंड्यांत चमचा-चमचा. सर आले की टवटवीत दिसायला हवीत ना.
यादम्मा जवळच पुसत होती. "सर कुछ नै डालते मॅडम इसमें."
"मेरेकू मालूम है."
उगाच तोडून बोलले.

शनि. १४
पानं काळी. घटपर्णीचे घट वाळून लोंबतायत. आज मोबाइलवर वाचलं. ह्या झाडांना खत म्हणजे विषच. मातीत काही नसतं म्हणून तर माशा खातात. आधी वाचलं असतं तर... अर्धा दिवस, मजला रिकामा. वरचं खत खरवडून टिश्यूत गुंडाळलं, पर्समध्ये घालून घरी आणलं. चोरासारखं.

मंगळ. १७
सर आले. नातू झाला. आधी सगळ्यांना मिठाई, मग टेबलाशी गेले. एक काळं पान बोटानं उचललं, तुटून हातात आलं. 
अ‍ॅडमिनचा किरण म्हणाला, "फिनाइल का पानी गिरा होगा. यादम्मा बकेट इधरीच रखती."
सरांनी माझ्याकडे बघितलं. "ऐसा हुआ क्या?"
"होगा सर."
दोन शब्द. यादम्मा दारातच होती. "मैं नै डाली सर. मैं एसी का पानीच दी. मॅडम को पूछो."
मी स्क्रीनकडे बघत राहिले.

गुरु. १९
पाडवा. गुढी, पुरणपोळी, शेजारच्यांकडून कडुनिंब-कैरीची आंबटगोड पच्चडी. ह्यांनी विचारलं, गप्प का? डोकं दुखतंय म्हटलं. हेही खोटंच.

शुक्र. २०
मजल्यावर नवी बाई. यादम्मा कुठाय? किरण म्हणे, माधापूरच्या ऑफिसला टाकली.
"सर बोले क्या?"
"नै नै, मैंच किया. कंप्लेंट थी ना."
कुणाची कंप्लेंट? माझीच की. ती दिलसुखनगरला राहते, माधापूर शहराच्या दुसऱ्या टोकाला; तिला दोन बस बदलाव्या लागतील. तिचे गुडघे दुखतात. जिना चढताना कठडा धरते, रोज बघत होते मी.

सोम. २३
आज सांगायचं ठरवलं होतं. सर कामात होते. कामात नव्हते खरं तर.

मंगळ. २४
सांगितलं. "सर, मैं खाद डाली थी. यादम्मा मना करी थी."
सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "झाड गए तो गए. उस दिन क्यों नै बोले?"
 त्यांनी किरणला बोलावलं, मला पुन्हा सांगायला लावलं. त्याच्यासमोर जास्त लाज वाटली. तो म्हणाला, बघतो, पण त्या जागी नवी बाई आलीये, पक्कं काही सांगता येत नाही.

गुरु. २६
सकाळी दिलसुखनगरच्या बस स्टॉपवर गेले. यादम्मा डब्याची पिशवी घेऊन उभी. आधी ओळखच दाखवली नाही. मी सगळं बोलून टाकलं. खत, टिश्यू, किरण, सर. परत बदली होईल का माहीत नाही, हेही.
"अब सर को मालूम है? मैं नै करी बोलके?"
"हौ. मालूम है."
"किरण सर को?"
"उसको भी."
तिनं मान हलवली.  बस आली. पायरीवर गुडघा धरून चढली, आत जागा नव्हती, दांड्याला धरून उभी राहिली.
बस सुटल्यावर लक्षात आलं. सगळं सांगितलं, माफी मागितलीच नाही.