चाकू बाळगण्याचं सबळ कारण

ला फाज, वरचं घर
८ ऑक्टोबर

प्रिय आन्सेल्मदादास,

धाकट्या एलोईकडून तीन मुके. (आपल्याकडची रीत तीनची. तुमच्या पॅरिसात दोनावरच भागवतात असं ऐकतो, तेव्हा तिसरा तुझ्या गल्ल्यावर बसणाऱ्या मांजराला दे.) तुझा गुडघा कसा आहे? काफेत गिऱ्हाईक बरं आहे ना? सकाळी सहाला दार उघडायला अजून तूच उतरतोस की कोणी ठेवलाय? इकडे आई ठीक आहे. सत्त्याऐंशीव्या वर्षी असावी त्यापेक्षा प्रकृती बरी, आणि जीभ तर विशीतली. ओदिल बरी आहे, गाई बऱ्या आहेत, माझी बायको आणि गाई एका वाक्यात आल्या हे ओदिलला कळवू नकोस. मी बरा आहे की नाही ते पत्र वाचून तूच ठरव.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. (मुद्दाम उचलत नाहीस असं मी म्हणत नाही. अकरा महिने तुझे हात कपबशांत गुंतलेले असतील.) गेल्या वर्षी सर्व संतांच्या दिवशी, बाबांच्या थडग्यावर फुलं ठेवून आल्यावर, आपल्या जेवणाच्या टेबलावर जे 'खट' झालं आणि ज्यामुळे तू चीज तसंच ताटात टाकून तीनच्या गाडीने परत गेलास, त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र निव्वळ चाकूबद्दल आहे.

झालं असं, की सप्टेंबरात मी गुरांच्या बाजाराला गेलो होतो. त्या दिवशी दोन दलालांची एका कालवडीवरून हाणामारी झाली आणि चौकीतल्या नव्या पोलिसाने जवळपास उभ्या असलेल्या सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले. हा कर्व्हेला नावाचा माणूस पार समुद्राकडून बदलून आलाय, वय तिशीचं, कान मोठे, वागणं फार सभ्य. माझ्या खिशातून सुतळी निघाली, गाईच्या कानातले दोन बिल्ले निघाले, आईच्या गोळ्यांची चिठ्ठी निघाली आणि बाबांचा चाकू निघाला. तोच तो, शिंगाच्या मुठीचा, पातं घासून घासून निम्मं झालेला.

"हे काय, मोस्ये?" तो म्हणाला.

"चाकू."

"कशाला?"

दादा, एकसष्ट वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. नाक कशाला, असं कोणी विचारतं का? मी म्हणालो, "जेवायला." तर तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "मग जेवण कुठाय?"

आता सकाळचे नऊ वाजलेले, जेवण घरी. मग त्याने मला फार गोडीने समजावलं, की कायद्याला मिटणाऱ्या चाकूचं वावडं नाही, पण तो घेऊन हिंडायला माणसाकडे सबळ कारण पाहिजे. म्हणजे बघ, मी आठव्या वर्षापासून सबळ कारणाशिवाय हिंडत होतो. बाबा तर त्र्याऐंशी वर्षं हिंडले आणि तसेच गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी कारण बरोबर ठेवायला लागलो. डाव्या खिशात चाकू, उजव्या खिशात आपलं सुकवलेलं सॉसेज, वीतभर. पण दादा, कायद्याने वागणं वाटतं तितकं सोपं नाही. पोस्टातल्या बाईंचा कुत्रा माझ्यामागे घरापर्यंत येतो. चर्चमध्ये पुढच्या बाकावरची माणसं प्रार्थना सोडून मागे वळून वास घेतात. आणि मुख्य अडचण माझी स्वतःची. खिशात सॉसेज आणि चाकू दोन्ही असताना मला भूक लागते. साडेदहाच्या सुमारास कारण संपतं आणि घरी पोचेपर्यंत मी बेकायदेशीर असतो. ओदिलला हे कळलं तेव्हा ती कोठीत जाऊन टांगलेली सॉसेजं मोजून आली आणि म्हणाली, "एलोई, आठवड्यात सात कारणं खाल्लीस तू. याच्यापेक्षा तुरुंग स्वस्त पडेल."

तेव्हा मी ठरवलं की बाबांचा चाकू घरी ठेवायचा आणि बाहेर न्यायला एक छोटा, शहाणा, कोणाच्या डोळ्यांत न येणारा चाकू घ्यायचा. (बाबांचा चाकू कुठे आहे ते नंतर सांगतो. सुखरूप आहे.) गावात सल्ल्याला तोटा नाही. जो तो छातीठोकपणे सांगतो, की पातं तळहाताच्या रुंदीत बसलं म्हणजे पोलीस काही बोलत नाही. पण कोणाचा तळहात? माझ्या तळहातात विळ्याचं पातं बसेल. उगाच फाजील फायदा नको म्हणून मी आईच्या तळहातावर पट्टी ठेवली, तर सात सेंटिमीटर भरले. आई म्हणाली, "मरायच्या आधीच मापं घेतोस का रे?" मग मी खात्री करून घ्यायला चौकीत गेलो. कर्व्हेलाने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मोस्ये, तळहात कायद्यात कुठेच नाही." म्हणजे चार दिवस मी आईचा हात उगीच धरून बसलो होतो. तसा तो बऱ्याच वर्षांत धरला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

तर गेल्या मंगळवारी मादाम काब्रोलच्या दुकानात गेलो. तू तिला ओळखतोस, हिच्याच सासऱ्याने बाबांचा चाकू केला होता. नवरा गेल्यापासून घणापासून गल्ल्यापर्यंत सगळं ती एकटी बघते आणि गिऱ्हाइकाला हिरे दाखवावेत तसे चाकू मखमलीवर मांडते. मी एकेक उघडायचा, मिटवायचा आणि बाजूला ठेवायचा. ऑलिव्हच्या लाकडाचा, अक्रोडाचा, एक चक्क बोटाने ढकलला की आपोआप उघडणारा (तो मी उघडला नाही, तोच उघडला, आणि मी एक पाऊल मागे गेलो). बाईंना वाटलं मला आवाजाचं वेड आहे. त्या खुलल्या. "हा ऐका," म्हणाल्या आणि एकाचं पातं असं सोडलं की काचेचं कपाट थरथरलं. "याची खट चर्चच्या पायरीपर्यंत जाते. घरातल्या कर्त्याला हाच पाहिजे."

मी म्हणालो, "मादाम, मला आवाज न करणारा हवाय."

"आवाज न करणारा?"

"मुळीच न करणारा."

"मग चमचा घ्या," त्या म्हणाल्या आणि मखमल गुंडाळायला लागल्या.

शेवटी मला खरं कारण सांगावं लागलं. म्हणजे त्या 'खट'बद्दल. (तुला लिहिणार नाही म्हणालो होतो, तिला सांगणार नाही असं म्हणालो नव्हतो.) मी म्हणालो, आमच्याकडे अजून जुनी रीत आहे. कर्त्याने चाकू उघडला की जेवण सुरू, मिटवला की संपलं. आमचे बाबा कोणाचा घास बघायचे नाहीत. एकदा पाद्रीबाबांच्या तोंडात अख्खा आलूबुखार असताना त्यांनी चाकू मिटवला आणि पाद्रीबाबा बी गिळून उठले. आमच्याकडे एक गडी होता, त्याला पुढे सैन्यात सगळ्यांत भरभर जेवतो म्हणून नाव मिळालं. बाबा गेल्यावर चाकू माझ्याकडे आला, कारण शेतावर मी राहिलो. आणि गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ ग्लास हातात घेऊन उभा राहिला, "मला एक सांगायचंय," एवढंच बोलला, आणि त्याच क्षणी माझ्या हातातला चाकू मिटला. सवयीने हो. स्प्रिंग जुनी, ताठ, बोट सटकलं. खट. आईने सवयीने चीज उचललं, ओदिलने सवयीने ताटं गोळा केली, पोरं सवयीने अंगणात पळाली. भाऊ ग्लास घेऊन एकटा उभा राहिला आणि मग कोट घालून निघून गेला. तर मादाम, एवढाच दोष त्या स्प्रिंगचा.

मादाम काब्रोलने मखमल परत उलगडली. मग म्हणाल्या, "तो चाकू माझ्या सासऱ्यांचा. त्याची स्प्रिंग मला माहितीये. बोट ठेवून मिटवला तर तो मांजरासारखा मिटतो. वाजतो तो वाजवला तरच. तुमचे वडील वाजवायचे, कारण त्यांना घाई असायची. तुम्हाला कसली घाई होती?"

मी म्हणालो, छोटे चाकू कुठे ठेवलेत?

खालच्या खणातून तिने एक काढून दिला. पूर्वी धनगर ठेवायचे तसला, बॉक्स नावाच्या झुडपाच्या लाकडाची मूठ, एक खिळा आणि पातं. स्प्रिंग नाही, खटका नाही, काहीच नाही. पातं साडेसात सेंटिमीटर (आईचा तळहात आणि वर अर्धा). मिटवला तर एवढासुद्धा आवाज नाही. कर्व्हेलाला दाखवायला नेला तर त्याने उघडून बघितला, मिटवून बघितला आणि विचारलं, "आणि कारण?" मी खिशातून सॉसेज काढलं, त्याच चाकूने दोन चकत्या कापल्या, एक त्याला दिली. त्याने ती कायद्याच्या चौकटीत राहून खाल्ली.

आता हा चाकू घरच्या टेबलावर आणल्यावर काय झालं ते ऐक. रविवारी जेवण होतं, बटाट्यात चीज घोटून आलिगो केलं होतं, ओदिलने पळी हातभर वर नेली तरी चीजची तार तुटेना इतकं जमलं होतं. शेजारची सेलेस्तीन होती. जेवण झालं, मी चाकू मिटवला. कोणाला कळलंच नाही. कोणी उठेना. मी खाकरलो, तर आईने मला पाणी दिलं. चीज एकदा फिरलं, मग पुन्हा फिरलं. अडीच वाजले, साडेतीन वाजले. गाई गोठ्यात हंबरायला लागल्या. सेलेस्तीन सांगायला लागली की तिला लहानपणी शिक्षिका व्हायचं होतं. बेचाळीस वर्षं ती आपल्याकडे जेवतेय, दादा, आणि हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली. मग आई बोलायला लागली. म्हणाली, लग्नानंतर वर्षभर ती रोज उपाशी उठायची, कारण वाढून होऊन ती बसेपर्यंत बाबांचा चाकू मिटायचा. पुढे ती स्वयंपाकघरात उभ्यानेच आधी खाऊन घ्यायला शिकली. ती हे हसत सांगत होती. मी हसलो नाही. पाच वाजता ओदिलने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाली, "हा चाकू परत कर, नाहीतर भांडी तरी तू घास." मी भांडी घासली.

तर असं आहे. चाकू लहान आहे, कायदेशीर आहे, कारण खिशात असेपर्यंत चोख कायदेशीर आहे. दुसरं काही विशेष नाही. तुझ्या गुडघ्याला मेंढीच्या चरबीचा लेप लाव. आई तुला आशीर्वाद सांगते आणि गळ्याला मफलर गुंडाळ असंही सांगते.

तुझा धाकटा,
एलोई

ता. क. यंदा सर्व संतांचा दिवस, एक नोव्हेंबर, रविवारी येतोय. मी काही म्हणत नाही, कॅलेंडरात आहे ते लिहिलं.

ता. क. दुसरा. पत्राबरोबरच्या खोक्यात बाबांचा चाकू आहे. थोरला तू आहेस, तो पहिल्यापासून तुझ्याकडे असायला हवा होता. खरं सांगायचं तर कर्व्हेलाने त्याला नावं ठेवली नव्हती. उलट हातात घेऊन म्हणाला, माझ्या आजोबांचा असाच होता, जपा. तेव्हा वरची सगळी कायद्याची रडकथा त्या चाकूमुळे झाली असं समजू नकोस, मला तो खिशात ठेववत नव्हता एवढंच. आईने बजावलंय की चाकू फुकट दिला तर नातं कापलं जातं, बदल्यात एक नाणं घ्यायचं. कितीही छोटं चालेल, पण टपालाने नको, हातात दे. आणि गाडीत कोणी अडवलं तर असावं म्हणून खोक्यात एक सॉसेजही ठेवलंय. ते तुझं सबळ कारण आहे. गाव येईपर्यंत खाऊ नकोस.

ता. क. तिसरा. हे ओदिलला माहीत नाही. बोट सटकलं नव्हतं, दादा. तू उभा राहिलास तेव्हा मला वाटलं तू शेताची वाटणी मागणार, आणि मला भीती वाटली, म्हणून मी चाकू मिटवला. अकरा महिने रोज मनात येतं, की तुला ते बोलायचंच नसेल तर? तू काय सांगणार होतास? वाटणी मागणार असशील तरी चालेल, माग. मी ऐकून घेईन. चाकू आता तुझ्याकडे आहे, तुझं बोलून होईपर्यंत तो उघडा ठेव. आम्ही कोणी उठणार नाही.